ईव्हीचं इंटिरिअर ‘एक पिढी पुढे’ असतं का? मागच्या सीटवर बसून बघा

प्रश्न इंदूरच्याच एका गृहस्थांचा आहे, तो आधी थोडक्यात सांगतो. बीएमडब्ल्यूची पेट्रोल एक्स१ घ्यावी की आयएक्स१ लाँग व्हीलबेस (व्हीलबेस म्हणजे पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर) ही इलेक्ट्रिक, यावर त्यांच्या घरी चर्चा चालू आहे. आई-वडील दोघंही सत्तरीच्या पुढचे, आईंचे गुडघे दुखतात. गाडी बहुतेक वेळा ड्रायव्हरच चालवणार. आठवड्यात देवास आणि पीथमपूर, अधूनमधून पुण्याला बहिणीकडे. शोरूममध्ये त्यांना सांगितलं की ईव्हीचं इंटिरिअर आणि तंत्रज्ञान पेट्रोल गाडीच्या एक पिढी पुढे आहे, तेव्हा आराम हवा असेल तर दुसरा विचारच करू नका. हे खरं आहे का, एवढंच त्यांना विचारायचंय. चार्जिंगचा आणि पेट्रोलच्या खर्चाचा हिशेब त्यांनी केलेला आहे, त्यामुळे मीही त्यात शिरत नाही.

माझं देवास नाक्याकडे वर्कशॉप आहे. महागड्या गाड्यांचं इलेक्ट्रिकल, एसी आणि आतल्या ट्रिमचं काम आम्ही करतो, आणि कुणी जुनी गाडी घेत असेल तर ती तपासूनही देतो. त्यामुळे नवी गाडी कशी चमकते यापेक्षा चार उन्हाळे आणि चार पावसाळे काढल्यावर तिच्या आत काय उरतं, हे मला जास्त बघायला मिळतं. पुढचं सगळं त्या अनुभवातून आलेलं आहे. बरंचसं तुमच्या वापरावर अवलंबून आहे, तेही जिथल्या तिथे सांगतो.

‘ईव्हीचं इंटिरिअर पुढे आहे’ या एका वाक्यात तीन निरनिराळ्या गोष्टी एकत्र बांधलेल्या असतात. गाडी विजेवर चालते म्हणून आत जे बदलतं, ती पहिली. कंपनीनं त्या मॉडेलमध्ये जे द्यायचं ठरवलं ती दुसरी; हे पेट्रोल गाडीतही देता येतं आणि पुष्कळदा दिलेलं असतं. तिसरी म्हणजे कर कमी असल्यामुळे त्याच पैशात जे जास्त मिळतं ते. शोरूममध्ये या तिन्हींचं श्रेय मोटरला जातं. तुम्ही त्या वेगळ्या करून बघितल्यात की निर्णय बराच सोपा होईल.

स्क्रीनपासून सुरुवात करू, कारण शोरूममध्ये डोळे तिथेच खिळतात. जानेवारी २०२३ मध्ये बीएमडब्ल्यूनं भारतात सेव्हन सीरीज आणि आय७ या दोन्ही गाड्या एकदमच आणल्या. पहिली पेट्रोलची, दुसरी पूर्ण इलेक्ट्रिक. बॉडी तीच, व्हीलबेस तोच, ३२१५ मिलिमीटर. छतातून खाली उतरणारा ३१.३ इंची पडदा दोन्हींत मिळतो, मागच्या दारांवरचे छोटे टच पॅनेलही दोन्हींत. इंजिन काढून बॅटरी बसवली म्हणून आतलं तंत्रज्ञान पुढे जात असतं, तर ते या जोडीत सगळ्यात आधी दिसायला हवं होतं. मर्सिडीजची इलेक्ट्रिक ईक्यूएस २०२२ मध्ये चाकणला जुळवून बाजारात आली, तेव्हा तिच्या १४१ सेंटीमीटरच्या हायपरस्क्रीनची, म्हणजे डॅशबोर्डभर पसरलेल्या स्क्रीनची, सगळीकडे चर्चा झाली. आणि २०२४ मध्ये पेट्रोल-डिझेलची नवी ई-क्लास आली, तर तिच्यातही पुढच्या प्रवाशासाठी स्वतंत्र स्क्रीन आहेच.

तुमच्या दोन गाड्यांचं सांगायचं तर ड्रायव्हरसमोर १०.२५ इंची आणि मधोमध १०.७ इंची, अशा एकाच वळलेल्या काचेखालच्या स्क्रीन दोन्हींत आहेत. आतले रंगीत दिवे, चांगले स्पीकर, चारी बाजूंचे कॅमेरे, पुढच्या गाडीचं अंतर राखणारा क्रूझ कंट्रोल, यांतल्या कशालाही इलेक्ट्रिक मोटर लागत नाही. ही यादी समोर ठेवून कुणी ‘पिढी पुढे’ म्हणत असेल, तर व्हेरिएंटचा तक्ता मागवा आणि ओळ न् ओळ स्वतः ताडून बघा.

मग दोन्ही गाड्यांत बसल्यावर मागे एवढा फरक का जाणवतो? कारण आयएक्स१ची आपल्याकडे मिळणारी आवृत्ती मुळातच लांब आहे. तिचा व्हीलबेस २८०० मिलिमीटर आहे आणि इथल्या पेट्रोल एक्स१चा २६९२. ही १०८ मिलिमीटरची वाढ जवळजवळ सगळी मागे बसणाऱ्याच्या पायांना मिळते. पण ती बॅटरीनं दिलेली नाही. युरोपात विकली जाणारी आयएक्स१ तिथल्या पेट्रोल एक्स१ इतक्याच व्हीलबेसची आहे, आणि चीनमध्ये पेट्रोलवरचीही लांब एक्स१ मिळते. भारतात कंपनीनं लांब गाडी फक्त विजेवर आणली, एवढाच त्याचा अर्थ. तुमच्या दृष्टीनं जागा मिळाली हे महत्त्वाचं, ती कशामुळे मिळाली यानं काय फरक पडतो, असं तुम्ही म्हणाल. बरोबर आहे. फक्त ‘ईव्ही म्हणजे मागे ऐसपैस’ असा नियम मनात धरून उद्या दुसरी एखादी इलेक्ट्रिक गाडी न बसता बुक करू नका.

किमतीचंही तसंच आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून मोठ्या पेट्रोल-डिझेल गाड्यांवर जीएसटी ४० टक्के आहे आणि इलेक्ट्रिकवर ५ टक्के. एवढी मोठी तफावत असेल तर त्याच बजेटमध्ये ईव्हीत लांब बॉडी, चांगल्या सीट, मोठं काचेचं छत बसवणं कंपनीला परवडतं. ग्राहक म्हणून हा फायदा खरा आहे आणि तो जरूर घ्यावा. पण तो सरकारी धोरणामुळे मिळतोय, आणि धोरणं बदलत असतात.

आता खऱ्या फरकाकडे येतो. तुमच्या घरासाठी सगळ्यात महत्त्वाचा भाग हाच आहे, म्हणून जरा सावकाश सांगतो.

इलेक्ट्रिक गाडीत बॅटरी प्रवाशांच्या पायाखाली असते. बॅटरीचा पॅक, त्याखालचं संरक्षक कवच, वरचं फ्लोअर, या सगळ्याला काही इंच उंची लागते. गाडी आधी पेट्रोलसाठी आखलेली असेल आणि मग तिच्यात बॅटरी बसवली असेल, तर मागचं फ्लोअर वर येतं, पण सीट तेवढी वर नेता येत नाही, कारण डोकं छताला लागेल. परिणाम असा की पाय ठेवायची जागा आणि सीट यांतलं अंतर कमी होतं, गुडघे वर येतात आणि मांडीचा पुढचा भाग अधांतरी राहतो. पाटावर बसल्यासारखी बैठक होते. गुडघे दुखणाऱ्या माणसाला अर्धा तास काही वाटत नाही, पण दोन तासांनंतर उतरताना ‘जरा धर रे’ म्हणायची वेळ येते.

मर्सिडीजची इलेक्ट्रिक ईक्यूए त्यांच्याच पेट्रोल-डिझेलच्या जीएलएवरून बेतलेली आहे, तिच्यात हे पहिल्याच बैठकीत जाणवतं. एवढंच काय, ईक्यूएस ही पहिल्यापासून इलेक्ट्रिक म्हणूनच आखलेली मोठी गाडी, तरी तिच्या मागच्या सीटवरची बैठक मर्सिडीजच्याच इंजिनवाल्या एस-क्लासइतकी ऐसपैस नाही. दोघींचा व्हीलबेस जवळपास सारखा असूनही. मागे बसून दिवसभर फिरणाऱ्या कुणी मला विचारलं तर मी आजही एस-क्लासचंच नाव घेतो. पोर्शनं आपल्या इलेक्ट्रिक टायकानमध्ये या अडचणीवर वेगळा उपाय काढला: मागे बसणाऱ्यांच्या पायांसाठी बॅटरीतच खोलगट जागा सोडली. कंपन्यांना ही अडचण पुरती ठाऊक आहे, त्याशिवाय बॅटरीचा तुकडा कमी करून कुणी जागा सोडत नाही.

उलट बाजूही सांगितली पाहिजे. ज्या गाड्या मुळापासून इलेक्ट्रिक म्हणून आखल्या जातात, त्यांत मधला उंचवटा नसतो, पुढे इंजिन नसल्यामुळे चाकं कोपऱ्यांकडे सरकवता येतात आणि बाहेरून लहान दिसणारी गाडी आत मोठी निघते. ह्युंदाईची आयोनिक ५ साधारण साडेचार-पावणेपाच मीटर लांबीची, पण व्हीलबेस ३००० मिलिमीटर. ती लक्झरी ब्रँडची नाही, तरी मागे मधल्या माणसाला पाय कुठे ठेवू असा प्रश्न पडत नाही. तेव्हा ‘ईव्हीत बैठक वाईट’ हाही नियम नव्हे. तळ कुणी, कशासाठी आखला यावर ते ठरतं.

आयएक्स१ ही पेट्रोलच्या बहिणीबरोबर तळ वाटून घेणारी गाडी आहे. लांबीमुळे पाय पुढे पसरता येतात, त्यामुळे गुडघ्यांचा कोन बराच सुधारतो. आईंना तो पुरेसा आहे का, हे मात्र त्यांच्या उंचीवर आणि गुडघ्यांवर अवलंबून आहे. मी इथे बसून ते सांगू शकत नाही. तपासायची रीत अशी: आईंना त्यांच्या रोजच्या चपला घालून मागे बसवा, पाठ पूर्ण टेकवून. पुढची सीट तुमच्या ड्रायव्हरच्या मापाला लावलेली असू द्या. मग गुडघ्याच्या मागे, मांडी आणि सीटच्या मध्ये त्यांना स्वतःचा हात सरकवून बघू दे. तळहात आडवा सहज जात असेल आणि वर जागा उरत असेल, तर मांडीला आधार नाही. वीस मिनिटं तशाच बसू द्या, आणि नंतर चार वेळा चढ-उतार करू द्या. साडी नेसून उतरताना दाराखालचा उंबरा किती रुंद आहे, पाय ओलांडताना अडखळतो का, हे बघा. मागची पाठ मागे कलते याची जाहिरात बरीच होते. कलणं कंबरेला बरं वाटतं, गुडघ्यांना त्याचा उपयोग होईलच असं नाही, कारण पाठ कलवली की माणूस नकळत पुढे सरकतो.

दुसरा खरा फरक एसीचा. आणि इथे इलेक्ट्रिक गाडी निर्विवाद पुढे आहे.

पेट्रोल गाडीत सर्वसाधारणपणे एसीचा कॉम्प्रेसर इंजिनच्या बेल्टवर फिरतो. इंजिन बंद, की गारवा बंद. सिग्नलला गाडी आपोआप बंद होते त्या वेळी जाळीतून येणारी हवा हळूहळू कोमट होत जाते, ती याचमुळे. इलेक्ट्रिक गाडीत कॉम्प्रेसरला स्वतःची मोटर असते आणि ती मुख्य बॅटरीवर चालते. चाकं फिरोत न फिरोत, त्याला फरक पडत नाही. मे महिन्यात दुपारी राजवाड्याकडे तुम्ही खरेदीला उतरलात आणि बाबा गाडीतच थांबले, उज्जैनला महाकालच्या पार्किंगमध्ये आई गर्दीत न जाता गाडीत बसून राहिल्या, दवाखान्याबाहेर नंबर लागेपर्यंत तासभर गेला, अशा वेळी या फरकाची किंमत कळते. आतली हवा एकदा गार झाली की एसीला तासाला साधारण एक-दीड युनिट लागतं. आयएक्स१ची बॅटरी ६६.४ युनिटांची आहे, म्हणजे तासाभराच्या थांब्याला साधारण दीड ते सव्वादोन टक्के. पेट्रोल गाडी तेवढा वेळ चालू ठेवली तर लिटरभराच्या आसपास पेट्रोल जातं, इंजिनची थरथर आणि धूर वेगळा. इथे एक गोष्ट कळकळीनं सांगतो: बंद गॅरेजमध्ये किंवा कोंदट तळघरातल्या पार्किंगमध्ये इंजिन चालू ठेवून एसीत कुणालाही बसवू नका. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, आणि माणसाला झोप लागल्यासारखंच वाटतं.

निघायच्या आधी फोनवरून गाडी गार करणं हाही त्यातलाच भाग. उन्हात तापलेल्या गाडीत वयस्क माणसांना बसवायच्या आधी दहा मिनिटं एसी लावता येणं ही चैन नाही, गरज आहे. काही पेट्रोल गाड्यांत इंजिन दुरून चालू करता येतं, पण काहींत फक्त पंखा फिरतो, त्यामुळे नेमकं काय मिळतंय ते विचारून घ्या. थंडीतही तसंच: पेट्रोलचं इंजिन तापेपर्यंत हीटरची हवा थंडच येते, इलेक्ट्रिकमध्ये ती लगेच ऊबदार होते. इंदूरच्या हिवाळ्यात याचा फरक फारसा पडू नये.

एसीबद्दल एक बारकावा शोरूममध्ये सहसा कुणी सांगत नाही. इलेक्ट्रिक गाडीत तोच कॉम्प्रेसर माणसांना आणि बॅटरीला, दोघांना गार ठेवतो. भर उन्हाळ्यात धुळ्याच्या आसपास फास्ट चार्जरला गाडी लावलीत, तर बॅटरीला गारवा आधी लागतो आणि केबिनमधला गारवा त्या वेळेपुरता कमी झाल्यासारखा वाटू शकतो. पुढे पंखाही मोठ्यानं फिरतो. त्यात बिघाड काही नाही. फक्त आई-बाबांना त्या वेळी गाडीत न बसवता आत कुठेतरी चहाला बसवा.

आणि काचेचं छत. ते दिसतं छान, फोटोही छान येतात, पण आपल्याकडच्या उन्हाचा विचार करून बघा. एसी हवा गार करतो. तापलेली काच मात्र वरून डोक्यावर उष्णता टाकत राहते. हवेचं तापमान २४ दाखवत असतानाही टाळू तापल्यासारखी वाटते ती यामुळे. टेस्लाच्या मॉडेल वायमध्ये छत पूर्ण काचेचं आहे आणि त्याला गाडीतला सरकता पडदा नाही. हा प्रश्न पेट्रोल गाड्यांतही आहे, पण इलेक्ट्रिकमध्ये छताची जाड चौकट आणि पडद्याची यंत्रणा काढून डोक्यासाठी चार बोटं जागा वाचवायचा मोह जास्त असतो, कारण खाली बॅटरीनं जागा खाल्लेली असते. जी गाडी घ्याल तिचं छत दुपारी दोनच्या उन्हात बघा.

तिसरा फरक तुमच्या घरी सगळ्यांत जास्त वाद घालायला लावील असा आहे, आणि तो कुठल्याही ब्रोशरमध्ये नसतो. मागे बसणाऱ्यांना मळमळणं.

इलेक्ट्रिक गाडीत ॲक्सिलरेटरवरून पाय उचलला की मोटर उलट काम करून वीज बनवते आणि गाडी स्वतःहून मंदावते. ड्रायव्हरच्या अंगवळणी हे पडलेलं नसेल तर तो सतत पाय ठेवतो-उचलतो, आणि मागे बसलेल्यांच्या माना पुढे-मागे होत राहतात. पेट्रोल गाडीत इंजिनचा आवाज चढला-उतरला की शरीराला आधीच सूचना मिळते. इथे तीही मिळत नाही. ज्यांना घाटात उलटीचा त्रास होतो त्यांना इथे सपाट रस्त्यावरही होऊ शकतो. ‘नवीन गाडीचा वास सहन होत नाही’ म्हणून एसीचे फिल्टर बदलून घ्यायला आलेली मंडळी मी बघितली आहेत. फिल्टर स्वच्छ असतो, त्रास पायाच्या सवयीचा असतो.

याला उपाय आहे आणि तो फुकट आहे. हे मंदावणं किती जोरात व्हावं ते बहुतेक गाड्यांत कमी-जास्त करता येतं. आयएक्स१मध्ये डी आणि बी असे दोन पर्याय आहेत: बीमध्ये पाय उचलताच गाडी जोरात मंदावते, डीमध्ये सौम्यपणे. मर्सिडीजच्या ईक्यू गाड्यांत स्टिअरिंगमागच्या पॅडलनं ते बदलतं. आई-बाबा मागे असतील तेव्हा सौम्य पर्यायच ठेवायला सांगा. वीज थोडी कमी परत मिळेल, चालेल. आणि ड्रायव्हरला आठवडाभर रिकामी गाडी चालवू द्या. पाय अलगद उचलायचा, झटक्यानं नाही, एवढंच त्याला शिकायचंय. बिजासन घाटात, सेंधव्याच्या पुढे, या शिकण्याचं चीज होईल. उतारावर मोटरनं गाडी धरून ठेवणं पेट्रोलपेक्षा कितीतरी सुखाचं असतं, फक्त धरणारा पाय मवाळ हवा.

शांततेबद्दल लोक फार बोलतात, मी थोडक्यात बोलेन. शहरात, सिग्नलला, पार्किंगमध्ये इलेक्ट्रिक गाडी खरोखर शांत असते, डिझेलच्या तुलनेत तर फारच. पण हायवेला ऐंशी-नव्वदच्या पुढे चांगल्या पेट्रोल गाडीचं इंजिनही ऐकू येत नाही; तिथे ऐकू येतो तो टायरचा आणि वाऱ्याचा आवाज, आणि तो दोघींत असतो. इंजिनचा आवाज नसल्यामुळे इलेक्ट्रिकमध्ये बारीकसारीक खडखड उलट जास्त ऐकू येते: सीटबेल्टचं बक्कल, मागच्या आर्मरेस्टचं झाकण, छताच्या काचेची पट्टी. आमच्याकडे यासाठी येणाऱ्या ईव्हींची तक्रार खरी असते, गाडी वाईट असतेच असं नाही. काही ईव्हींच्या टायरमध्ये आतून फोमचा थर असतो, आवाज कमी करायला. असा टायर पंक्चर झाला तर ती जागा खरवडून मगच पॅच लावावा लागतो, हे रस्त्यावरच्या पंक्चरवाल्याला माहीत असेलच असं नाही. आणि टायर बदलताना साधे घातलेत तर ती शांतता तिथेच गेली म्हणून समजा. तुमच्या गाडीत तसे टायर आहेत का आणि स्टेपनी आहे का, दोन्ही विचारून ठेवा.

वजनही लक्षात असू द्या. बॅटरीमुळे इलेक्ट्रिक गाडी त्याच आकाराच्या पेट्रोलपेक्षा काहीशे किलो जड होते, मग स्प्रिंग कडक ठेवावे लागतात. आय७ किंवा ईक्यूएसमध्ये एअर सस्पेन्शन (स्प्रिंगऐवजी हवेवर तोललेली गाडी) हे झाकतं, पन्नास लाखांच्या गाडीत ते नसतं. गुळगुळीत रस्त्यावर दोन्ही गाड्या लोण्यासारख्या चालतील, पण पीथमपूरला नॅट्रॅक्सच्या टेस्ट ट्रॅकवर तुम्हाला जायचं नाहीये, त्याच्या बाहेरच्या रस्त्यानं जायचंय. तेव्हा टेस्ट ड्राइव्ह खराब रस्त्यावर घ्या आणि स्वतः मागे बसा.

सीटच्या कव्हरचं म्हणाल तर तिथे इलेक्ट्रिक-पेट्रोल भेद जवळजवळ उरलेला नाही. व्होल्वोनं २०२१ मध्ये जाहीर केलं की त्यांच्या पूर्ण इलेक्ट्रिक नव्या गाड्यांत चामडं नसेल. इतरांकडे पेट्रोल गाड्यांतही कृत्रिम चामडं सर्रास असतं. ते टिकायला चांगलं, पण घाम शोषत नाही. आपल्या हवेत हवेशीर, भोकांच्या सीट असतील तर त्यांसाठी दोन पैसे जास्त द्यायला हरकत नाही. फक्त त्यांवर पॉलिश किंवा क्रीम कधी लावू नका. भोकं बुजतात आणि पंखा नुसताच फिरत राहतो. डोक्याला तेल लावणाऱ्यांसाठी हेडरेस्टवर सुती कव्हर घाला, सॅनिटायझरनं पुसणं बंद करा. फिका रंग शोरूममध्ये मोहक दिसतो. ड्रायव्हर दिवसभर बसणार असेल तर पुढची तरी सीट गडद घ्या.

बटणं नाहीशी होण्याबद्दल माझं मत ठाम आहे. एसीचा पंखा कमी करायला स्क्रीनमध्ये तीन ठिकाणी बोट लावावं लागत असेल, तर ती प्रगती नाही, कंपनीची बचत आहे. गाड्यांची सुरक्षा तपासून गुण देणाऱ्या युरो एनकॅप या युरोपातल्या संस्थेनं २०२६ पासून इंडिकेटर, धोक्याचे दिवे, वायपर, हॉर्न आणि मदतीचं बटण यांसाठी हाताला जाणवणारं नियंत्रण असेल तरच पूर्ण गुण, असं धोरण आणलंय, याचा मला आनंद आहे. मागच्या सीटचा एसी आणि पंखा आई-बाबांना चष्मा न लावता बदलता येतो का, ते त्यांनाच करून बघायला सांगा.

सॉफ्टवेअरचं एवढंच: फोनचं ॲप, नकाशे, दुरून एसी लावणं यांतलं काय कायमचं आहे आणि काय ठरावीक वर्षांनंतर पैसे भरून चालू ठेवावं लागेल, हे लेखी घ्या. बीएमडब्ल्यूनंच काही देशांत सीट गरम करायची सोय मासिक भाड्यानं देऊन पाहिली होती, लोक नाराज झाले आणि २०२३ मध्ये ती मागे घेतली. ज्या कारणासाठी तुम्ही ईव्ही घ्याल, ते दुरून गार करणंच पुढे भाड्यावर गेलं तर वाईट वाटेल.

आता सुरक्षेची एक गोष्ट, जी इंटिरिअरच्या गप्पांत कुणी काढत नाही. इलेक्ट्रिक गाडीतही १२ व्होल्टची छोटी बॅटरी असते आणि दारं, स्क्रीन, कुलपं तिच्यावरच चालतात. मुख्य बॅटरी ऐंशी टक्के भरलेली असली तरी छोटी बसली की गाडी उठत नाही. दोन-तीन वर्षांनी ती तपासून घ्या, आणि किल्ली गाडीच्या अगदी जवळच्या भिंतीवर टांगू नका. किल्लीच्या सान्निध्यात काही गाड्या पुन्हा पुन्हा जाग्या होतात. ज्या गाड्यांत आतलं दार विजेच्या बटणानं उघडतं, त्यांत वीज गेल्यावर हातानं उघडायची सोय कुठेतरी दिलेली असते, कधी दाराच्या कप्प्याच्या तळाशी, कधी झाकणाखाली. कुठलीही गाडी घ्या, डिलिव्हरीच्या दिवशी ती सोय आई, बाबा आणि मुलं यांच्याकडून प्रत्यक्ष उघडून घ्या. पुढच्या दाराला एक पद्धत आणि मागच्याला दुसरी, असंही असतं.

तुमच्या बाबतीत मी काय करेन? गुडघ्यांची परीक्षा आई पास झाल्या तर आयएक्स१ लाँग व्हीलबेस. पिढीबिढीसाठी नाही; मागची जास्तीची लांबी आणि थांबलेल्या गाडीतला गारवा या दोन गोष्टींसाठी. तुमच्या घरातल्या माणसांना या दोन्हींचा रोज उपयोग होईल. मांडीला आधार मिळत नसेल आणि पुण्याच्या दिवसभराच्या प्रवासात आई नेहमी बरोबर असणार असतील, तर एक्स१ त्याच दुपारी, त्याच चपलांनी पुन्हा बघा. तिथे बैठक बरी वाटली तर लांबीचा मोह सोडून पेट्रोल घ्या. दोन्हींत आई अवघडल्या तर दोन्ही सोडून द्या आणि मुळापासून इलेक्ट्रिक म्हणून आखलेली एखादी गाडी बघा, ब्रँडचं नाव थोडं खाली आलं तरी.

टेस्ट ड्राइव्हला दुपारी दोनची वेळ मागा. तुमचाच ड्रायव्हर चालवेल असं आधी सांगून ठेवा. देवास नाक्यावरून निघून खराब रस्त्याचा एखादा पट्टा घ्या आणि शेवटी गाडी उन्हात उभी करून, एसी चालू ठेवून, चौघं अर्धा तास आत बसा.